जहाज मोडीत निघालं, ३०० नंबर अजून हजर

माझ्या चुलतभावाकडे बजाजची ‘व्ही’ मोटरसायकल आहे. २०१६ साली ही गाडी बाजारात आली तेव्हा तिची जाहिरात एकाच गोष्टीवर होती: हिच्यात ‘आयएनएस विक्रांत’चं लोखंड आहे. विक्रांत म्हणजे आपल्या नौदलाची पहिली विमानवाहू युद्धनौका. ३१ जानेवारी १९९७ ला ती निवृत्त झाली, काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि २०१४ मध्ये तोडली गेली. त्यातलं थोडं लोखंड वितळवून या गाडीसाठी वापरलं. भाऊ गाडी महिन्यातून एकदा धुतो, गोष्ट मात्र रोज सांगतो.

परवा साताऱ्यात शनिवार पेठेतल्या आमच्या घरासमोर ती गोष्ट चालू असताना नववीतल्या भाच्याने मध्येच विचारलं, ‘मामा, जहाजाची गाडी झाली. मग त्याच्यावरच्या विमानांचं काय झालं?’

‘एअरफोर्सनं परत नेली असतील,’ मामा बोलून गेला.

या एका वाक्यात दोन चुका आहेत आणि त्या बहुतेक सगळेच करतात. पहिली, जहाजावरची विमानं वायुदलाची नसतात. नौदलाची स्वतःची विमानं, स्वतःचे वैमानिक, स्वतःचे मेकॅनिक असतात. दुसरी चूक जरा खोल आहे. विमानं जहाजाची नसतातच, ती स्क्वाड्रनची असतात. जहाज भंगारात गेलं तरी स्क्वाड्रन भंगारात जात नाही. विक्रांतवरून लढलेली ३०० नंबरची स्क्वाड्रन आजही चालू आहे. तिचं टोपणनाव ‘व्हाइट टायगर्स’, पांढरे वाघ.

स्क्वाड्रन म्हणजे काय हे सातारा-सांगलीकडच्या माणसाला समजवायला वेळ लागू नये. तालीम डोळ्यासमोर आणा. तालमीतले पैलवान दर दहा-पंधरा वर्षांनी बदलतात. लाल माती बदलते, छप्पर नवं होतं, वस्ताद जातात, दुसरे येतात. तरी आखाड्यात उतरणाऱ्या पोराची ओळख ‘अमक्या तालमीचा’ अशीच होते. स्क्वाड्रनचं तसंच आहे. ठरावीक विमानं, ती उडवणारे, ती दुरुस्त करणारे, एक प्रमुख अधिकारी, एक नंबर आणि एक चिन्ह. आपल्या नौदलात लढाऊ आणि मोहिमेवरच्या तुकड्यांना तीनशेच्या घरातले नंबर देतात, प्रशिक्षण देणाऱ्यांना साडेपाचशेच्या आसपासचे. ३०० हा त्या ओळीतला पहिला आकडा.

आणि ही तालीम आखाड्याच्या आधी तयार झाली होती. ७ जुलै १९६० ला वेल्समधल्या ब्रॉडी इथल्या ब्रिटिश नौदलाच्या विमानतळावर ३०० ची स्थापना झाली. लेफ्टनंट कमांडर बी. आर. आचार्य पहिले प्रमुख. त्या वेळी विक्रांत बेलफास्टच्या गोदीत अपुरी उभी होती. दुसऱ्या महायुद्धासाठी इंग्रजांनी ‘हर्क्युलिस’ नावाने ती बांधायला घेतली होती, युद्ध संपलं तसं काम थांबलं, आणि १९५७ साली भारताने ती विकत घेऊन पुरी करून घेतली. ४ मार्च १९६१ ला ती नौदलात आली. (त्याच वर्षी २३ जूनला देशातली पहिली सैनिक शाळा आमच्या साताऱ्यात सुरू झाली. दोघींचा काही संबंध नाही, पण सातारकराला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.) १८ मे १९६१ ला विक्रांतवर पहिलं जेट उतरलं. ते उतरवणारे लेफ्टनंट राधाकृष्ण हरिराम ताहिलियानी पुढे १९८४ मध्ये नौदलप्रमुख झाले.

एवढ्याशा जागेत थांबतं कसं?

भाच्याला तारखांमध्ये रस नव्हता. त्याला घेऊन मी आमच्या आळीतल्या आबांकडे गेलो. आबा सत्तरच्या दशकाच्या शेवटी विक्रांतच्या डेकवर, म्हणजे विमानं उडतात-उतरतात त्या सपाट छतावर, काम करायचे. वैमानिक नव्हे, खलाशी. विमान उभं केलं की त्याच्या चाकांना लाकडी ठोकळे लावायचे, सुटायच्या वेळी ते ओढून घेऊन वाकून बाजूला पळायचं. घाटात ट्रकच्या चाकामागे क्लीनर दगड लावतो, तेच काम, फक्त डोक्याशेजारी जेट इंजिन पेटलेलं.

आधी मापं बघू. कराडची छोटी धावपट्टी साधारण सव्वा किलोमीटरची आहे. विक्रांत शेंड्यापासून बुडापर्यंत २१३ मीटर, आणि त्यातली सगळी जागा काही उतरायला मिळत नाही. म्हणजे कराडच्या पट्टीच्या सहाव्या भागापेक्षाही कमी जागेत विमान उडवायचं आणि उतरवायचं, तेही हलत्या जमिनीवर.

पहिली युक्ती वाऱ्याची. विमान जमिनीवर किती वेगाने पळतंय याला फारसं महत्त्व नाही, पंखांवरून वारा किती वेगाने जातोय याला आहे. साताऱ्यातल्या ‘चार भिंती’च्या टेकडीवर पतंग उडवणाऱ्या पोराला हे कळतं. वारं असलं की जागेवर उभं राहून पतंग चढतो, वारं पडलं की दोरा धरून पळायला लागतं. म्हणून विमानं सोडायच्या आधी जहाज वाऱ्याच्या तोंडाला वळतं आणि वेग घेतं. जहाजाचा वेग २० नॉट आणि समोरचा वारा १० नॉट असेल तर एकूण ३० नॉट, म्हणजे ताशी ५५ किलोमीटरचा वारा विमानाला जागेवर उभं असतानाच मिळतो. हा हिशोब लक्षात ठेवा, १९७१ च्या गोष्टीत तो पुन्हा येणार आहे.

तेवढ्याने भागत नाही. म्हणून दुसरी युक्ती, गोफण. विक्रांतच्या डेकखाली बॉयलरची वाफ कोंडलेली असे. ती सोडली की डेकच्या चिरेतून धावणारा लोखंडी ठोकळा पुढे झेपावे आणि त्याला अडकवलेलं विमान दोनेक सेकंदांत समुद्रावर भिरकावलं जाई. याला कॅटापुल्ट म्हणतात. कणसं राखताना आपण पाखरांवर गोफण मारतो, त्यातला दगड म्हणजे विमान. आबा म्हणाले, ‘धडाम करून आवाज व्हायचा, आणि डेकवर वाफंचा ढग. ढग सरंपातूर विमान लांब गेलेलं असायचं.’

उतरणं त्याहून अवघड. विमानाच्या शेपटीखाली एक लोखंडी आकडा असतो, हुक. डेकवर आडव्या पोलादी तारा ताणलेल्या असतात. हुकने त्यातली एक पकडायची. तार दोन्ही बाजूंनी कप्प्यांवरून खाली डेकच्या पोटात जाते आणि तिथे तेलाच्या दाबाने चालणारे मोठे दट्टे तिला नेमाने ढिली सोडत सोडत आवरतात. मोटेचा नाडा बैल ओढतात आणि विहिरीतून पाणी वर येतं. इथे उलटं, विमान नाडा ओढतं आणि खालचा दट्टा त्याला थोपवतो. आजच्या जहाजांवर ताशी २४० किलोमीटर वेगाने आलेलं विमान अशा तारेने अडीच-तीन सेकंदांत उभं राहतं.

‘म्हणजे तार लागली की पायलट इंजिन कमी करतो,’ भाचा म्हणाला.

‘न्हाय रं लेका. वाढवतो.’

‘थांबायचं असताना?’

‘आरं, हुक अडाकला तर ठीक. न्हाय अडाकला तर? फुडं डेक संपला की समुद्र. मग परत उडाया इंजिनात जोर नको व्हय?’

तेच खरं आहे. चाकं डेकला टेकली रे टेकली की वैमानिक पूर्ण जोर देतो. तार सापडली तर ती त्या जोरासकट विमानाला धरून ठेवते. नाही सापडली तर विमान तसंच पुढे उडून जातं आणि वळसा घालून पुन्हा येतं. पण पुढे उडून जायला वाट मोकळी हवी. जुन्या काळी डेक सरळ असे आणि पुढच्या टोकाला इतर विमानं उभी असत, चुकलं की त्यांच्यावरच. ब्रिटिश नौदलातल्या डेनिस कॅम्बेल यांनी उपाय सुचवला तो इतका साधा, की आधी कुणाला कसा सुचला नाही याचं नवल वाटतं: उतरायची पट्टी थोडी तिरकी आखा. जहाज सरळ, पट्टी तिरकी. विक्रांतला अशीच तिरकी पट्टी होती.

राहिला प्रश्न बघण्याचा. आकाशातून डेक एवढासा दिसतो, आपण फार उंच आहोत की फार खाली हे वैमानिकाला कळायचं कसं? यावर निकोलस गुडहार्ट या ब्रिटिश अधिकाऱ्याने आरशाची युक्ती काढली. गोष्ट अशी सांगतात की त्याने टेबलावर छोटा आरसा ठेवला, त्यावर लिपस्टिकची खूण केली, आणि कार्यालयातल्या सेक्रेटरीबाईंना सांगितलं की दिव्याचं प्रतिबिंब त्या खुणेवरून हलू न देता चालत या. त्या चालत आल्या आणि त्यांची हनुवटी बरोबर टेबलाला टेकली. जहाजावर हेच मोठ्या प्रमाणात केलं. उजेडाचा गोळा दोन्ही बाजूंच्या दिव्यांच्या रेषेत दिसला तर उतरण बरोबर, वर गेला तर तुम्ही उंच, खाली गेला तर तुम्ही खाली आहात आणि देवाचं नाव घ्या.

आबांनी दाखवलेली एक गोष्ट मला मात्र या सगळ्या यंत्रांपेक्षा जास्त आवडली. ते उठले आणि अंगणात आम्हाला खांद्याला खांदा लावून उभं केलं. म्हणाले, चला आता, खाली बघत. विमानं सोडायच्या आधी डेकवर सगळे खलाशी असे ओळीने या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतात. नट, वायसर, तारेचा तुकडा, खडा, जे दिसेल ते उचलायचं. भांगलायला बायका ओळ धरून सरकतात अगदी तसं. जेट इंजिन पुढून हवा ओढतं, त्यात एक नट गेला तरी आतली पाती फाटतात. आमच्या अंगणात तेवढ्यात एक चुका आणि पेनाचं टोपण सापडलं.

डिसेंबर १९७१

३०० चं पहिलं विमान सी हॉक. एक इंजिन, एक वैमानिक, चार तोफा, दुमडणारे पंख. देखणं आणि स्वभावाने सालस, पण त्याला रडार नव्हतं, आणि सत्तर साल उजाडेपर्यंत ते जुनं झालेलं होतं. गोवामुक्तीच्या वेळी विक्रांत समुद्रात होती, पण सी हॉकना हल्ला करायची वेळ आली नाही. १९६५ च्या युद्धात जहाज दुरुस्तीला गोदीत होतं. पाकिस्तानने ते बुडवल्याचंही सांगून टाकलं होतं. त्यामुळे नौदलाच्या या महागड्या लेकीने अजून काही केलेलं नाही, असं बोललं जात होतं.

त्यात १९७१ च्या आधी विक्रांतच्या चार बॉयलरपैकी एकाला भेगा गेल्या. आता मघाचा वाऱ्याचा हिशोब आठवा. बॉयलर कमी म्हणजे जहाजाचा वेग कमी, वेग कमी म्हणजे फुकटचा वारा कमी, आणि डिसेंबरात बंगालच्या उपसागरात वारा तसाही मंद. शिवाय गोफणीलाही वाफ त्याच बॉयलरची. घरात ठेवा असं म्हणणारेही होते. नौदलप्रमुख ॲडमिरल नंदा यांनी जहाज पूर्वेकडे पाठवलं. आधीच्या युद्धात गोदीत बसलेलं जहाज या वेळीही बसून राहिलं असतं तर पुढे कुणी विमानवाहू जहाजाला पैसे दिले असते का, याची मला शंका आहे.

विक्रांतला शोधायला पाकिस्तानने गाझी ही पाणबुडी बंगालच्या उपसागरात धाडली. विक्रांत तोवर अंदमानकडे होती आणि विशाखापट्टणमजवळ ‘राजपूत’ ही जुनी नौका विक्रांत असल्याचं भासवत होती. ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री गाझी विशाखापट्टणमबाहेर बुडाली. आम्ही बुडवली असं आपण म्हणतो, आतल्या स्फोटाने गेली असं ते म्हणतात.

४ डिसेंबरला सकाळी आठ सी हॉक विक्रांतवरून पूर्व पाकिस्तानातल्या, म्हणजे आजच्या बांगलादेशातल्या कॉक्स बझारच्या विमानतळावर हल्ल्याला गेली, संध्याकाळी चितगाव बंदरावर हल्ला झाला. नेतृत्व ३०० चे प्रमुख लेफ्टनंट कमांडर संतोषकुमार गुप्ता यांचं, त्यांना पुढे महावीरचक्र मिळालं. नंतरच्या दिवसांत खुलना, मोंगला ही बंदरं. दिवसा सी हॉक, रात्री ३१० नंबरच्या स्क्वाड्रनची रडार असलेली अलिझे विमानं. धावपट्ट्या, धक्के, गनबोटी, पळायच्या तयारीतली जहाजं, हीच लक्ष्यं होती. पूर्व पाकिस्तानातल्या सैन्याला समुद्राची वाट बंद झाली.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. या सी हॉकना तिथे शत्रूच्या सेबर जेटशी झुंजावं लागलं नाही, कारण आपल्या वायुदलाने पहिल्या दोन-तीन दिवसांतच ढाक्याची धावपट्टी उखडून ती विमानं जमिनीवर खिळवली होती. समोरासमोर गाठ पडली असती तर सी हॉकचं कठीण होतं. पण म्हणून त्या वैमानिकांचं काम कमी ठरत नाही. लंगड्या जहाजावरून, पडलेल्या वाऱ्यात, बॉम्ब लादलेलं विमान रोज सोडायचं आणि रोज तारेवर परत आणायचं, ही कुस्ती चितपटच म्हणावी लागेल.

गोफण गेली, तार गेली

१६ डिसेंबर १९८३ ला गोव्यात दाबोळीला नवी विमानं आली, सी हॅरियर. ३०० चे तेव्हाचे प्रमुख अरुण प्रकाश, तेच पुढे नौदलप्रमुख झाले. हॅरियरच्या इंजिनाला चार तोट्या असतात आणि त्या फिरवता येतात. मागे वळवल्या की विमान पुढे जातं, खाली वळवल्या की जागेवर तरंगतं. म्हणजे आधी उतरून मग थांबायचं नाही, आधी थांबून मग उतरायचं. तार नको, हुक नको, गोफण नको. उडताना डेकच्या टोकाला चढ दिला की झालं. शेताच्या बांधावरून भरधाव मोटरसायकल घातली की ती क्षणभर हवेत जाते, त्याच तत्त्वावरचा हा चढ, स्की जंप. विक्रांतची गोफण काढून तिलाही तो बसवला गेला. १९८७ साली आलेली ‘विराट’ ही दुसरी विमानवाहू नौका तर चढ घेऊनच आली होती.

ऐकायला सोपं, उडवायला महाकठीण. तरंगताना विमानाला पंखांचा आधार नसतो, सगळं वजन इंजिनाच्या झोतावर. आपल्याकडच्या उष्ण हवेत इंजिनाचा जोर आणखी घटतो. तीसच्या आसपास घेतलेल्या सी हॅरियरपैकी निम्म्याहून अधिक अपघातांत गेली, वैमानिकही गेले. तरी पुढे इस्राएलचं रडार आणि दूर पल्ल्याची क्षेपणास्त्रं बसवून हीच विमानं ३०० ने तीस वर्षांहून अधिक काळ चालवली.

आणि ११ मे २०१६ ला गोव्यात हॅरियरला निरोप देऊन ३०० ने मिग-२९के हे रशियन लढाऊ विमान हाती घेतलं, तेव्हा हुक परत आला. ‘विक्रमादित्य’ ही रशियाकडून घेतलेली नौका १६ नोव्हेंबर २०१३ ला दाखल झाली होती. तिच्यावर चढ आहे आणि ताराही आहेत. चढावरून उडायचं, तारेवर उतरायचं. माझ्या मते ३०० च्या इतिहासातलं सगळ्यात अवघड वळण १९७१ नव्हे, हे आहे. हॅरियर आल्यावर ऐंशीच्या दशकात तारेवर उतरणं बंद पडलं. ज्यांच्या हातात ती सवय होती ते निवृत्त झाले. तालमीत एक डाव तीस वर्षं कुणी खेळलाच नाही, तर तो शिकवणार कोण? काही वैमानिक अमेरिकेच्या नौदलाकडे शिकून आले. गोव्यात ‘आयएनएस हंसा’ या नौदलाच्या विमानतळावर जमिनीवरच जहाजासारखा चढ आणि तारा उभारल्या, आधी तिथे घटवायचं आणि मग समुद्रावर. मिगवर आधी ३०३ नंबरची ‘ब्लॅक पँथर्स’ तयार झाली, मागून ३००.

मिगचंही सगळं सुरळीत नव्हतं. इंजिन आणि सांगाड्यातल्या दोषांवर सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगच्या २०१६ च्या अहवालात कडक ताशेरे आहेत. २ सप्टेंबर २०२२ ला कोचीनला बांधलेली नवी विक्रांत दाखल झाली. नौदलाच्या ध्वजावर शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला तो त्याच समारंभात. एप्रिल २०२५ मध्ये २६ राफेल-एम, म्हणजे जहाजावरून उडणारी राफेल, घ्यायचा करार झाला. हे विमान चढावरून उडतं का, याची चाचणीही आधी गोव्यातल्या त्याच जमिनीवरच्या चढावर झाली होती.

भाच्याच्या मूळ प्रश्नाचं उत्तर राहिलंच. विक्रांतवरची सी हॉक १९८३ साली निवृत्त झाली. सगळी काही मोडीत गेली नाहीत. गोव्यात दाबोळी विमानतळाजवळ बोगमाळोच्या रस्त्याला नौदलाचं विमान संग्रहालय आहे, तिथे सी हॉक, अलिझे, सी हॅरियर सगळी जवळ जाऊन बघता येतात. दिवाळीच्या सुट्टीत जायचं ठरलंय. चुलतभाऊ मोटरसायकलवरून यायचं म्हणतोय, त्याला विक्रांतचं लोखंड विक्रांतच्या विमानाशेजारी उभं करून फोटो काढायचा आहे. आबा पण येणार. त्यांनी भाच्याला बजावून ठेवलंय की तिथं गेल्यावर पंखाबिंखाचे फोटो काढत बसू नकोस, सरळ शेपटीकडे ये आणि खाली वाक, हुक तिथं असतोय.